दिल्ली–ताश्कंद : अंतर भूगोलाचे, वेळ राजकारणाची

दिल्लीच्या विमानतळावरून चेन्नईचे सरळ हवाई अंतर सुमारे १,७६० किलोमीटर आहे. त्याच विमानतळावरून उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद सुमारे १,५८० किलोमीटरवर आहे. अमृतसरहून मोजले तर ताश्कंद १,२०० किलोमीटरच्या आत येते आणि मुंबई १,४०० किलोमीटरच्या पलीकडे जाते. कझाकस्तानातील अल्माटी तर दिल्लीच्या जवळजवळ सरळ उत्तरेस, त्याच ७७ अंश पूर्व रेखांशालगत, सुमारे १,६४० किलोमीटरवर वसले आहे. हे आकडे सांगितले की जाणकार श्रोतेही क्षणभर थबकतात. आपल्या मनातील नकाशात मध्य आशिया फार दूर, जवळपास युरोपच्या उंबरठ्यावर असतो.

मनातला हा नकाशा अगदीच निराधार आहे असे मात्र म्हणता येत नाही. दोन शहरांमधले किलोमीटर भूगोल ठरवतो. तिथे पोहोचायला किती तास लागतील, हे मधल्या भूमीचा धनी ठरवतो. दिल्ली आणि ताश्कंद यांच्या मधोमध पाकिस्तान आणि अफगाणिस्तान आहेत. त्यामुळे या दोन शहरांमधील विमान प्रवासाला किती वेळ लागतो, या साध्या प्रश्नाचे उत्तर परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासकांनाही विचार करायला लावणारे आहे.

सर्वसाधारण परिस्थितीत हे उत्तर सोपे होते. प्रवासी विमानाचा वेग ताशी ८०० ते ८५० किलोमीटर असतो. उड्डाण, चढण, उतरण आणि धावपट्टीवरचा वेळ धरला की दिल्ली–ताश्कंद प्रवास पावणेतीन ते तीन तासांत पुरा होतो. विमान पाकिस्तानच्या हद्दीत शिरते, हिंदुकुशचे डोंगर ओलांडते आणि अमू दर्याच्या पलीकडे मैदानात उतरते. इंडिगो या भारतीय कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटी अशा दोन्ही सेवा सुरू केल्या, तेव्हा मध्य आशिया खरोखरच शेजारी झाल्यासारखा वाटला होता.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसांची हत्या केली. दुसऱ्या दिवशी भारताने सिंधू जल करार स्थगित ठेवण्यासह अनेक निर्णय जाहीर केले. २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांबाबत तसाच निर्णय घेतला. इंडिगोने अल्माटीची सेवा २७ एप्रिलपासून आणि ताश्कंदची २८ एप्रिलपासून तात्पुरती रद्द केली. आपल्या ताफ्यातील विमानांच्या कार्यकक्षेत ही शहरे आता बसत नाहीत, हे कंपनीने दिलेले कारण होते. पाकिस्तान टाळायचे तर विमानाला गुजरातवरून अरबी समुद्रात, तिथून ओमानच्या आखातावरून इराणमध्ये आणि पुढे तुर्कमेनिस्तानमार्गे ताश्कंदकडे जावे लागते. नकाशावर मोजले तर हा वळसा चार हजार किलोमीटरच्या पुढे जातो. तीन तासांचा प्रवास जवळपास सहा तासांचा होतो, आणि दोन्ही बाजूंचे इंधन, कर्मचाऱ्यांचे कामाचे तास व तिकिटाचा दर यांचा हिशेबच मोडतो.

प्रत्यक्ष संघर्षाचे मोजके दिवस सोडले, तर याच काळात उझबेकिस्तानच्या कंपनीचे विमान दिल्लीहून निघून पूर्वीच्याच मार्गाने, पूर्वीइतक्याच वेळात ताश्कंदला पोहोचू शकत होते. बंदी फक्त भारतीय नोंदणीच्या, भारतीय मालकीच्या किंवा भारतीय कंपन्यांनी भाड्याने घेतलेल्या विमानांना होती. एकाच धावपट्टीवरून एकाच शहराकडे निघणाऱ्या दोन विमानांसाठी प्रवासाचा वेळ वेगवेगळा झाला, आणि फरक एवढाच की एकाच्या शेपटीवर भारताची नोंदणी होती.

काफिल्यांचा काळ

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या प्रवासाच्या वेळेचा आलेख नेहमीच बोलका वाटत आला आहे. तैमूरने १३९८ च्या वसंतात समरकंद सोडले आणि तो त्या वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीत शिरला. बाबराने नोव्हेंबर १५२५ मध्ये काबूल सोडले आणि २१ एप्रिल १५२६ रोजी पानिपतची लढाई झाली. ही सैन्यांची वाटचाल होती, वाटेत लढायाही झाल्या. परंतु त्याच वाटांनी व्यापारीही शतकानुशतके ये-जा करत राहिले. मुलतानचे सावकार आणि कापडाचे व्यापारी बुखाऱ्यात वस्ती करून होते. तिकडून घोडे, सुकामेवा येत असे आणि इकडून सुती कापड, नीळ जात असे. १८३२ च्या जानेवारीत अलेक्झांडर बर्न्स लुधियान्याहून निघाला आणि जूनच्या अखेरीस बुखाऱ्यात पोहोचला. त्याच्यासोबत दिल्लीत इंग्रजी शिकलेला मोहनलाल काश्मिरी हा तरुण होता. या प्रवासावर दोघांनीही पुस्तके लिहिली.

पूर्वेकडची दुसरी वाट लेहहून काराकोरम खिंडीतून यारकंदला जात असे. यारकंदही ७७ अंश रेखांशालगतच आहे. लेह आणि यारकंद यांच्यातील हा व्यापार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होता. काश्मीर आणि लडाखमधील जुन्या सराया आणि काही घराण्यांच्या आठवणी त्याची साक्ष देतात.

या वाटा अवघड होत्या, पण त्या बंद झाल्या त्या साम्राज्यांच्या आणि राष्ट्रांच्या सीमारेषांमुळे. १८९५ मध्ये पामीर सीमा आयोगाने ब्रिटिश आणि रशियन साम्राज्ये एकमेकांना भिडू नयेत म्हणून वाखानची अरुंद पट्टी अफगाणिस्तानच्या पदरात कायम केली. पुढे १९४७ ची फाळणी आणि त्यामागोमाग गिलगिट-बाल्टिस्तानवरचा पाकिस्तानचा ताबा यांमुळे भारताचा मध्य आशियाकडे जाणारा जमिनीचा दरवाजा बंद झाला. आपल्या गृह मंत्रालयाच्या नोंदीत भारत आणि अफगाणिस्तान यांची १०६ किलोमीटरची सामाईक सीमा आजही आहे, परंतु ती सारी पाकव्याप्त प्रदेशात आहे. जमीन गेली तेव्हा आकाश शिल्लक होते. विमानाने हे अंतर पुन्हा तासांवर आणले, आणि म्हणूनच हवाई हद्दीचा प्रश्न भारताच्या दृष्टीने केवळ विमान कंपन्यांच्या सोयीचा राहत नाही.

पाच वेळा बंद झालेले आकाश

भारत आणि पाकिस्तान यांच्यातील आकाश १९६५ पासून पाच वेळा बंद झाले आहे. पहिली वेळ १९६५ च्या युद्धाची. ते उघडण्याची वाट ताश्कंदमध्येच निघाली, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. १० जानेवारी १९६६ रोजी लालबहादूर शास्त्री आणि अयूब खान यांनी ताश्कंद करारावर स्वाक्षऱ्या केल्या. त्याच रात्री शास्त्रीजींचे निधन झाले. करारात दळणवळण पूर्ववत करण्याचा विचार व्हावा असे कलम होते. त्याला अनुसरून दोन्ही सरकारांत पत्रव्यवहार झाला आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये विमाने पुन्हा एकमेकांच्या हद्दीतून जाऊ लागली.

दुसरी वेळ १९७१ ची. त्या वर्षी ३० जानेवारीला इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान श्रीनगरहून जम्मूला जाताना पळवून लाहोरला नेण्यात आले आणि तिथे ते जाळण्यात आले. ४ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपली हद्द बंद केली. त्या वेळी पाकिस्तानचे दोन भाग होते आणि त्यांच्यामध्ये भारत होता. कराची ते ढाका हे सुमारे २,३५० किलोमीटरचे अंतर पाकिस्तानी विमानांना कोलंबोमार्गे साडेचार हजार किलोमीटरहून अधिक उडून कापावे लागले. त्या वर्षाच्या पुढील घटनांत या वळशाला किती महत्त्व आले, हे सर्वज्ञात आहे. हा प्रश्न पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेत नेला. परिषदेला हा अधिकारच नाही, असे म्हणत भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १८ ऑगस्ट १९७२ रोजी न्यायालयाने भारताचे म्हणणे फेटाळले. सिमला करारात हवाई संपर्क पुन्हा सुरू करण्याचा उल्लेख असला, तरी प्रत्यक्षात विमाने उडायला १९७६ साल उजाडले.

तिसऱ्यांदा संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन वर्षे आकाश बंद राहिले. चौथ्यांदा बालाकोटनंतर, २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानने ते बंद ठेवले. पाचवी वेळ एप्रिल २०२५ ची, जिची मुदत दोन्ही बाजू महिन्यामहिन्याने वाढवत राहिल्या. जाहीर बंदी नसतानाही अडवणूक झाल्याचे उदाहरण आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये श्रीनगर–शारजा थेट विमानसेवा सुरू झाली. काही फेऱ्यांनंतर पाकिस्तानने आपल्या हद्दीतून जाण्याची परवानगी नाकारली आणि ते विमान गुजरातवरून वळसा घालून जाऊ लागले.

या पाच प्रसंगांची तुलना केली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. १९७१ मध्ये भूगोल आपल्या बाजूने होता. पाकिस्तानला आपल्याच देशाच्या दुसऱ्या भागात जाण्यासाठी आपले आकाश लागत होते. आज पाकिस्तानी कंपन्यांची भारतावरून पूर्वेकडे जाणारी उड्डाणे मोजकीच आहेत, तर भारतातून युरोप, अमेरिका, आखात आणि मध्य आशियाकडे जाणाऱ्या भारतीय उड्डाणांची संख्या मोठी आहे. २०१९ मध्ये जुलैच्या आरंभापर्यंत भारतीय कंपन्यांना सुमारे ५४८ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले होते. त्यातील बहुतांश, सुमारे ४९१ कोटी, एकट्या एअर इंडियाचा होता. २०२५ ची बंदी वर्षभर चालली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा भार पडेल, असा एअर इंडियाचा अंदाज वृत्तसंस्थांनी प्रसिद्ध केला. उलट, पाकिस्तानच्या संरक्षण मंत्रालयाने २४ एप्रिल ते ३० जून २०२५ या काळातील आपला तोटा ४१० कोटी पाकिस्तानी रुपये, म्हणजे साधारण दीड कोटी डॉलर, असल्याचे तेथील नॅशनल असेंब्लीत सांगितले. एक आकडा अंदाजाचा आणि दुसरा सरकारी निवेदनाचा आहे, हे लक्षात घेऊनही दोन्ही पारड्यांतले वजन सारखे नाही हे स्पष्ट आहे. ‘जशास तसे’ हे तत्त्व कागदावर समान असते. त्याचा भार कोणावर किती पडतो, हे नकाशा ठरवतो.

कायदा काय म्हणतो

७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशाचे पूर्ण सार्वभौमत्व दिले. त्याच परिषदेत झालेल्या दुसऱ्या करारानुसार सदस्य राष्ट्रांच्या नियमित विमानांना एकमेकांच्या हद्दीवरून न उतरता जाण्याची मुभा मिळाली. भारत आणि पाकिस्तान दोघेही या करारांत सामील आहेत. शिकागो कराराचे नववे कलम आणीबाणीच्या परिस्थितीत राष्ट्राला आपले आकाश तात्पुरते बंद करू देते; मात्र असा निर्बंध राष्ट्रीयत्वाचा भेद न करता सर्व परकीय विमानांना लागू असला पाहिजे, अशी त्यात अट आहे. उझबेक विमान जाऊ द्यायचे आणि भारतीय अडवायचे, ही कृती या अटीत बसवणे कठीण आहे. अर्थात, आपण पाकिस्तानी विमानांना लावलेल्या बंदीलाही तोच निकष लागतो. एकोणनव्वदाव्या कलमात युद्धकाळासाठी सवलत आहे, परंतु ती महिन्यामहिन्याने वाढवल्या जाणाऱ्या बंदीला किती पुरते, याचा निवाडा कोणीच मागितलेला नाही. दोन्ही बाजूंचे हात सारखेच गुंतलेले असल्यामुळे कायद्याचे दार कोणीच ठोठावत नाही.

पर्यायांची परीक्षा

सेवेच्या उत्तरार्धात व्यापार आणि दळणवळणाशी संबंधित बैठकांना बसण्याचे प्रसंग मला अनेकदा आले. मध्य आशियाचा विषय निघाला की चर्चा बंदरांवर आणि रेल्वेमार्गांवर रंगत असे. हवाई मार्गाचा मुद्दा आला की तो दुसऱ्या खात्याचा विषय म्हणून पुढे सरकत असे. ते स्वाभाविकही होते, कारण आकाशाच्या प्रश्नात परराष्ट्र, संरक्षण, गृह आणि नागरी विमान वाहतूक अशा चौघांचा वाटा आहे आणि जबाबदारी पूर्णपणे कोणा एकाची नाही. परिणामी, २०१२ मध्ये मध्य आशियाशी जोडणीचे धोरण जाहीर झाले, जुलै २०१५ मध्ये पंतप्रधानांनी पाचही देशांचा दौरा केला, जानेवारी २०२२ मध्ये पहिली शिखर परिषद दूरदृश्य पद्धतीने झाली, मे २०२४ मध्ये चाबहार बंदराचा दहा वर्षांचा करार झाला. परंतु एका शेजाऱ्याने आकाश बंद केल्यास काय, याचे तयार उत्तर आपल्याजवळ नव्हते. भारताचा या पाच देशांशी असलेला व्यापार दोन अब्ज डॉलरच्या आसपास मानला जातो. चीनचा २०२४ मध्ये नव्वद अब्ज डॉलरच्या पुढे गेला. हा फरक केवळ विमानांमुळे पडलेला नाही, पण पोहोचण्याची अनिश्चितता हे त्याचे एक कारण नक्कीच आहे.

पर्यायी आकाश दोन दिशांना आहे. पश्चिमेला इराण, परंतु जून २०२५ मध्ये इस्रायल–इराण युद्धात तेही आकाश काही दिवस बंद झाले. उत्तरेला चीनचा शिनजियांग. दिल्ली–अल्माटीची सरळ रेषा तिथूनच जाते. मात्र काराकोरम आणि कुनलुनच्या उंचीवर बिघाड झालेल्या विमानाला सुरक्षित उंचीवर उतरायला जागा नाही, आणि त्या भागातील बरेचसे आकाश चिनी लष्कराच्या ताब्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये एअर इंडियाने होतान परिसरातील आकाश वापरण्यास मिळावे यासाठी भारत सरकारकडे प्रयत्न केल्याचे वृत्त आले. ऑक्टोबर २०२५ पासून भारत–चीन थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाल्या आहेत. तरीही या मार्गावर विसंबून धोरण आखणे धाडसाचे ठरेल.

या साऱ्याची किंमत कोण मोजतो, हे विसरता कामा नये. समरकंद, ताश्कंद, बिश्केक, अल्माटी येथे भारतातील हजारो विद्यार्थी वैद्यकीय शिक्षण घेतात. केरळ, राजस्थान, बिहार, महाराष्ट्र अशा राज्यांतील मध्यमवर्गीय घरांनी कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून त्यांना पाठवलेले असते. देशातील खासगी महाविद्यालयाचे शुल्क परवडत नाही म्हणून तिकडे गेलेल्या मुलाच्या घरी महागलेले तिकीट ही किरकोळ बाब नसते. उलट दिशेने उझबेक आणि ताजिक रुग्ण हृदयशस्त्रक्रियेसाठी, कर्करोगावरील उपचारांसाठी दिल्लीच्या रुग्णालयांत येतात. त्यांच्यासाठी तीन तासांचा प्रवास आणि दुसऱ्या शहरातून विमान बदलून केलेला बारा-पंधरा तासांचा प्रवास यांत मोठा फरक आहे. पंजाबातील जुनी माणसे आठवण सांगतात की एके काळी उझबेक कंपनीच्या विमानाने अमृतसरहून ताश्कंदमार्गे बर्मिंगहॅम गाठता येत असे. त्या कुटुंबांसाठी ताश्कंद परके नव्हते. ते लेकीच्या घरच्या वाटेवरचे स्थानक होते.

काय करता येईल

पहलगामनंतर विमानांच्या सोयीची भाषा कशाला, असा आक्षेप कोणी घेईल, आणि त्यामागची वेदना खरी आहे. दहशतवादाची किंमत त्याच्या पाठीराख्यांना मोजावी लागलीच पाहिजे. परंतु प्रत्युत्तराचे साधन निवडताना त्याचा भार समोरच्यावर अधिक पडतो की आपल्यावर, हा प्रश्न भावनेने नव्हे तर हिशेबाने सोडवावा लागतो. १९७१ मध्ये तो हिशेब आपल्या बाजूने होता. आज तसा नाही.

मला तीन गोष्टी शक्य वाटतात. पहिली, नागरी उड्डाणांना भांडणाच्या यादीतून बाहेर काढणारा वेगळा द्विपक्षीय करार. हे अशक्यप्राय नाही. ३१ डिसेंबर १९८८ च्या करारानुसार दोन्ही देश एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्यास बांधील आहेत आणि १९९२ पासून दर वर्षी १ जानेवारीला त्या केंद्रांच्या याद्या परस्परांना देतात. कारगिल झाले, संसदेवर हल्ला झाला, मुंबईवर हल्ला झाला, पहलगाम झाले. ही देवाणघेवाण थांबली नाही. प्रवासी विमानांना अशाच एका मर्यादित, भावनाशून्य व्यवस्थेचे संरक्षण देता येईल. आज त्यासाठी वातावरण नाही हे खरे. पण मसुदा वातावरण निवळण्यापूर्वी तयार असावा लागतो.

दुसरी गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे. आकाश बंद असेल त्या काळात मध्य आशियाई कंपन्यांना दिल्लीपलीकडच्या भारतीय शहरांतही अधिक फेऱ्या आणि आसने द्यावीत. भारतीय कंपन्यांचे हित जपण्यासाठी अशा परवानग्या हात राखून दिल्या जातात. परंतु भारतीय विमान जिथे परवडणाऱ्या वेळात पोहोचूच शकत नाही, तिथे त्या राखण्याचा लाभ कोणालाच मिळत नाही, आणि विद्यार्थी व रुग्ण मात्र अडकतात.

तिसरी, मध्य आशियाविषयीच्या प्रत्येक धोरणात बंदर आणि रेल्वे यांच्या बरोबरीने आकाशाचे प्रकरण असावे आणि त्याची जबाबदारी एका निश्चित अधिकाऱ्यावर असावी. पाकिस्तान बंद, इराण बंद, दोन्ही बंद, अशा तिन्ही परिस्थितींत कोणते विमान कोणत्या मार्गाने, किती वेळात आणि किती खर्चात जाईल, याचे उत्तर फायलीत आधीच असावे. साठ वर्षांत पाच वेळा आलेले संकट सहाव्यांदा येईल, असे गृहीत धरून चालणे हेच व्यवहारी प्रशासनाचे लक्षण आहे.

ताश्कंद १,५८० किलोमीटरवर आहे आणि तिथेच राहणार आहे. तिथवर पोहोचायला तीन तास लागतील की सहा, की जाताच येणार नाही, हे ठरवण्यात आपला वाटा किती असावा, याचा विचार दिल्लीने पुढची बंदी येण्याची वाट न पाहता करायला हवा.